गुरचरणाचा सडा, चिरेखाणीचा अर्ज आणि 'निरुपयोगी' हा शेरा

कातळकड (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे गाव राजापूर तालुक्यात आहे. गावाच्या वरच्या अंगाला मोठा, सलग सडा, म्हणजे जांभ्याचे सपाट कातळपठार, आहे. त्यातला बराच भाग सातबारावर सरकारी, गुरचरण म्हणून नोंदलेला आहे आणि उरलेला आमच्यासारख्या काही घराण्यांच्या सामायिक नावावर, वरकस (हलकी, डोंगराळ जमीन) आणि पोटखराब म्हणून. गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीकडे या सड्यावरून जांभा दगड काढण्यासाठी ना हरकत दाखल्याची मागणी आली. अर्जात जमिनीचे वर्णन 'ओसाड कातळ, शेतीस निरुपयोगी' असे केलेले आहे.

एप्रिल महिन्यात वर उभे राहून पाहिले तर कोणालाही हे वर्णन खरे वाटेल. काळवंडलेला कातळ, चपलेतून पाय भाजतील असा तापलेला, आणि मध्येच एखादे करवंदाचे जाळे. पण आमच्या वाडीचे पाणी याच सड्याचे आहे. पूर्वेच्या उतारावर, शेवटच्या घरापासून साधारण दोनशे पावले चढून गेले की एक झरा आहे. त्याखाली जांभ्याची जुनी डोणी (पाण्याची दगडी कुंडी) बसवलेली आहे आणि तिच्या काठाला पिढ्यान्‌पिढ्या हंडे टेकून पडलेली खळगी बोटाने चाचपता येते. मे महिन्यात धार करंगळीएवढी होते, पण तुटत नाही. माझ्या आईने लग्न होऊन आल्यापासून ती तुटलेली पाहिलेली नाही.

शेजारच्या गावात दहाबारा वर्षांपूर्वी सड्यावर चिरेखाणी सुरू झाल्या. तिथला झरा पूर्वी पावसापर्यंत पुरत असे, आता शिमगा सरला की आटतो आणि मग टँकरची वाट पाहावी लागते. हे खाणींमुळेच झाले असे मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण त्याआधी किती पाणी येत होते हे कोणीच मोजून ठेवलेले नव्हते, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते.

गावातले काही लोक खाणीच्या बाजूचे आहेत आणि ते माझे वैरी नाहीत. त्यांना काम हवे आहे, ग्रामपंचायतीला चार पैसे हवे आहेत. त्यांच्याशी भांडण न करता, पण ठामपणे, ही जमीन राखायची असेल तर नेमके काय करावे? जमीन सरकारी आहे म्हणजे आमचा तिच्यावर हक्क नाही, असे एका कार्यालयात मला सांगण्यात आले. ते खरे आहे का? सड्यावर एके ठिकाणी कातळात कोरलेल्या काही रेषाही आहेत. आम्ही त्यांना लहानपणापासून 'पांडवांचे चित्र' म्हणतो. त्यांचा काही उपयोग होईल का? ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे.

सातबारा

कातळकड यांस, मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला जो भाग दप्तराचा आहे तेवढ्यावरच लिहितो, पण सविस्तर लिहितो, कारण अशा जमिनी बहुतेक वेळा डोंगरावर जाण्याआधी दप्तरात गेलेल्या असतात.

प्रथम त्या 'निरुपयोगी' शब्दाविषयी. पोटखराब हा शब्द जमिनीची लायकी सांगत नाही, तो फक्त शेतसारा कशावर बसवायचा नाही एवढेच सांगतो. जमाबंदी करणाऱ्याला पिकाखालची जमीन मोजायची होती. जिथे नांगर चालत नाही ते क्षेत्र त्याने वजा केले आणि वजा केल्याची खूण म्हणून हा शब्द लिहिला. त्यातही दोन वर्ग आहेत. वर्ग अ म्हणजे खडकाळ वगैरे, लागवडीस अयोग्य. वर्ग ब म्हणजे रस्ता, पायवाट, ओढा, तळे, स्मशान अशा कामांसाठी राखलेली. तुमच्या सड्यावरच्या पोटखराबाला कोणता वर्ग लागला आहे ते आधी पाहा, कारण पाणवठा किंवा वहिवाटीची वाट असलेला तुकडा चुकून वर्ग अ मध्ये पडलेला मी अनेकदा पाहिलेला आहे. साऱ्याच्या हिशेबासाठी लिहिलेला शब्द शंभर वर्षांनंतर 'इथे काहीच नाही' अशा अर्थाने वापरला जातो, आणि तो वापरणाऱ्याला आपण शब्दाचा अर्थ बदलला आहे याची जाणीवही नसते. देशपातळीवरही हेच घडले आहे. उपग्रहचित्रांवरून तयार होणाऱ्या पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात 'ओसाड, खडकाळ जमीन' असा एक वर्गच आहे आणि आपले सडे त्यात सहज जाऊन बसतात.

आता हक्काविषयी. गुरचरणाची मालकी शासनाची असली तरी ती जमीन गावाच्या गुरांसाठी राखलेली असते आणि तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२-अ नुसार गायरान जमिनीचा वापर दुसऱ्या कामासाठी करायला मुळात मनाई आहे. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः सार्वजनिक प्रयोजनाचे आहेत, आणि तेही दुसरी योग्य सरकारी जमीन मिळत नसेल तरच लागू होतात. त्याशिवाय जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिलेला निकाल प्रत्येक ग्रामपंचायतीच्या कपाटात असावा असा आहे. तो खटला एका गावतळ्याच्या जागेचा होता, पण न्यायालयाने गावाच्या सगळ्या सामायिक जमिनींचा विचार केला, त्या गावकऱ्यांच्या सामायिक उपयोगासाठीच राहिल्या पाहिजेत असे म्हटले आणि त्यांवरील अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. तेव्हा 'जमीन सरकारी, तुमचा हक्क नाही' असे जे तुम्हाला सांगितले गेले ते अर्धवट आहे. ती विकण्याचा हक्क तुम्हाला नाही, पण तिच्या राखलेल्या वापरावर बोलण्याचा हक्क पूर्ण आहे.

खाजगी सामायिक भागाचे वेगळे आहे. तिथे जमीन तुमची असली तरी संहितेच्या कलम ४८ नुसार खनिज शासनाचे, म्हणून मालकालाही चिरा काढण्यासाठी परवाना लागतो. सामायिक जमिनीत एका हिस्सेदाराची संमती घेऊन सगळ्यांची जमीन खणली जाते, हा कोकणातला नेहमीचा प्रकार आहे. तुमच्या सातबारावर जितकी नावे आहेत तितक्यांनी लेखी हरकत दिली पाहिजे. मुंबईला असलेल्या चुलत्यांची सही पोस्टाने मागवा, पण मागवा.

ताबडतोब करण्याची गोष्ट एकच सांगतो. अर्जाची आणि सोबतच्या नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा आणि त्यातले गट क्रमांक स्वतः सातबाराशी ताडून पाहा. अर्ज एका गटाचा आणि खाण दुसऱ्या गटात, असे होण्याला सड्यावर बांध नसतो हे कारण पुरेसे असते. परवान्याबाहेर उत्खनन आढळले तर कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण त्यासाठी पंचनामा वेळेत व्हावा लागतो.

आणखी एक गोष्ट लिहून थांबतो. संहितेच्या कलम १६५ मध्ये 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा दस्त आहे. गावातल्या वाटा, पाण्याचे पाट, मासेमारी असे खाजगी जमिनींवरून चालत आलेले वहिवाटीचे हक्क त्यात नोंदवायचे असतात. सरकारी पडीक जमिनीवरच्या चराईसारख्या हक्कांसाठी कलम १६१ चे निस्तारपत्रक आहे. माझ्या नोकरीत मी ही दोन्ही नावे परीक्षेसाठी पाठ केली आणि नंतर फार थोड्या गावांत ते कागद जिवंत पाहिले. तुमच्या गावाचा वाजिब-उल-अर्ज आहे का ते विचारा. डोणीकडे जाणारी वाट आणि तिथून पाणी घेण्याची वहिवाट त्यात नसेल, तर ती नोंदवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

दीपकाडी

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि गेली पंधरा वर्षे पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन सड्यांवर जाते. सातबारा काकांनी शब्दाचा अर्थ सांगितला, मी त्या शब्दाखाली काय झाकले जाते ते सांगते.

माझे इथले नाव ज्या वनस्पतीवरून घेतले आहे ती दीपकाडी कोकण आणि गोव्याच्या सड्यांवर वाढते, जगात इतरत्र कुठेही नाही. पहिला पाऊस पडून कातळावरच्या बोटभर मातीत ओल मुरली की तिचे पांढरे फुलोरे वर येतात. जूनमध्ये दिसतात आणि थोड्याच दिवसांत संपतात. उरलेले वर्ष ती त्या बोटभर मातीत कंदाच्या रूपाने पडून असते. म्हणजे जानेवारीत कोणी तज्ज्ञ पाहणीला आला तर त्याच्या पायाखाली हजारो कंद असतील आणि तो अहवालात 'वनस्पती आढळल्या नाहीत' असे प्रामाणिकपणे लिहील. मी असे अहवाल वाचले आहेत. त्यांवर पाहणीची तारीख शोधावी, बहुधा ती कोरड्या महिन्यांतली असते.

दीपकाडीनंतर सडा दर पंधरा दिवसांनी वेगळा दिसतो. खोलगट जागी पाणी साचून डबकी होतात, त्यांच्या कडेला गेंदाची पांढरी बटणासारखी फुले येतात, पाणथळ कातळावर सीतेच्या आसवांची निळीजांभळी झाक पसरते, आणि जिथे माती अगदीच निकस असते तिथे दवबिंदू नावाची लहानशी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडून आपली भूक भागवते. सीतेची आसवेही कीटकभक्षीच. मातीत नत्र नाही म्हणून ही सोय. जी 'निकस' म्हणून आपण नापसंत करतो ती मातीच या वनस्पतींना हवी असते. म्हणून 'खाण संपल्यावर झाडे लावून देऊ' हे आश्वासन सड्याच्या बाबतीत फसवे आहे. ट्रकने लाल माती आणून तिच्यावर गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली तर हिरवळ दिसेल, पण सडा गेलेलाच असेल. कातळाचे ते कवच तयार व्हायला लाखो वर्षे लागलेली असतात आणि यंत्र ते एका हंगामात कापून नेते.

साताऱ्याचे कास पठार याच कुळातले आहे, जांभ्याचेच. पश्चिम घाटातील ज्या ३९ जागा २०१२ साली जागतिक वारसा ठरल्या त्यांत ते आहे, आणि तिथे साडेआठशेच्या आसपास वनस्पतींच्या जाती नोंदल्या गेल्या आहेत. कासला आज नियम आहेत, प्रवेशावर मर्यादा आहे, गावकऱ्यांची समिती आहे. तेच जर त्या नोंदी झाल्या नसत्या तर कासही सातबारावरची खडकाळ जमीनच होती. फरक लोकांनी चिकाटीने ठेवलेल्या नोंदींनी पडला.

तुमच्या हातातला उपाय म्हणजे जैवविविधता कायदा, २००२. त्यातील कलम ४१ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ती बाहेरच्या माणसाने एका दिवसात भरून दिलेली असेल, तर ती परत उघडा आणि सड्याचे पान नव्याने लिहा. कलम ३७ खाली राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकते. ही जागा मोठी असावी लागते असे नाही. सिंधुदुर्गात बांबर्डे येथील रानजायफळाची दलदल आणि आंबोलीच्या हिरण्यकेशीचे कुंड या दोन्ही जागा अशा जाहीर झाल्या आहेत आणि दोन्ही अडीच हेक्टरांच्या आगेमागे आहेत. हिरण्यकेशीचे उदाहरण तर तुमच्यासाठी फार जवळचे आहे. देवळाजवळच्या कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशाचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये ती जागा वारसा स्थळ ठरली. तो मासा त्या पाण्यात कधीपासून होता, फक्त त्याची नोंद नव्हती.

कोरलेल्या रेषांविषयी. कृपया त्यांच्यावर खडू किंवा रंग फिरवू नका, फोटो स्पष्ट यावा म्हणून अनेक जण तसे करतात. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला आहे. त्यात उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील पणसायमळ या जागा आहेत. कशेळीच्या हत्तीची आकृती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि तिच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती आहेत. जमिनीवर उभे राहून ती पूर्ण दिसतच नाही. यातले बारसू तुमच्याच तालुक्यातले, जिथे तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले तेव्हा बाया सड्यावर उन्हात आडव्या झाल्या होत्या. तुमच्या रेषा या यादीत नाहीत, पण पुरातत्त्व विभागाला लेखी कळवून त्याची पोच घेतली की त्या कोणाला 'माहीत नव्हत्या' असे उरत नाही.

चिरा

मी यात बोलावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. आमच्या घरात चिरेखाणीचा धंदा तीस वर्षे आहे, परवान्याने, रॉयल्टी भरून. वडील टिकावाने चिरे काढत, आता यंत्र आहे. तुम्ही सगळे ज्या घरांत राहता त्यांच्या भिंतीही आमच्या चिऱ्यांच्या आहेत, म्हणून खाण म्हणजे पापच असे मी मानणार नाही. पण कातळकड दादांच्या झऱ्याविषयी वाचले आणि गप्प बसवले नाही, कारण त्या झऱ्याचे पाणी कुठून येते हे आमच्याइतके कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसेल.

जांभा वरून कितीही टणक दिसला तरी आतून मधाच्या पोळ्यासारखा असतो. वरच्या कवचाला भेगा असतात, त्यांतून पावसाचे पाणी आत उतरते आणि पोकळ्यांतून हळूहळू खाली जाते. चिऱ्याचे थर काढत खाली गेलो की दगड मऊ होत जातो आणि शेवटी पिवळसर-पांढरी चिकणमाती लागते. तिथे आम्ही थांबतो, कारण पुढे विकण्यासारखे काही नसते. पाणीही तिथेच थांबते. चिकणमातीतून खाली जाता येत नाही म्हणून ते तिच्या पाठीवरून आडवे सरकत उताराला बाहेर पडते, तोच तुमचा झरा. चार महिन्यांत पडलेला पाऊस मे महिन्यापर्यंत धारेने देणारी ती मोठी टाकी आहे, आणि आम्ही चिरा काढतो म्हणजे त्या टाकीचे पोट कापून नेतो. खड्ड्यात पाणी साचते ते तुम्ही पाहत असाल आणि 'खाणीमुळे उलट तळे झाले' असे कोणी म्हणतही असेल. ते पाणी उघडे असते, उन्हाने उडून जाते, आणि जे उरते ते झऱ्याच्या वाटेवर नसते.

त्यामुळे माझे मत असे आहे की सगळ्या सड्यांना एकच नियम लावू नये. ज्या सड्याच्या पायथ्याला झरे आणि वाड्या आहेत तिथे एकही खाण नको, मग ती खाजगी जमीन असो वा सरकारी. जिथे खड्डे आधीच पडलेले आहेत तिथला दगड नीट पुरता काढावा, आज निम्मा दगड चिरफाळून वाया जातो. आणि सोडलेला खड्डा बुजवल्याशिवाय त्याच माणसाला दुसरा परवाना मिळू नये. हे मी धंद्यातल्या माणसांसमोरही बोललो आहे आणि बोलणी खाल्ली आहेत.

खाणीच्या बाजूने असलेल्या गावकऱ्यांना एक विचारा: काम नेमके कोणाला मिळणार? यंत्र चालवणारे आणि चिरे भरणारे मजूर बहुतेक ठिकाणी बाहेरून आणलेले असतात. गावाच्या वाट्याला ट्रक, तांबडी धूळ आणि चारदोन जणांना मुकादमी येते.

तेरेखोलपलीकडून

मी पेडण्याचा. सड्याला आम्हीही सडाच म्हणतो. तुमच्या चर्चेत गोव्याचा अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहितो, आणि तो अनुभव मुख्यतः उशिराचा आहे.

आमच्याकडे लोहखनिजाचा व्यवहार इतका वाढला की अखेर ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यातील सगळे खाणकाम थांबवावे लागले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की या खाणींचे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपलेले होते. म्हणजे जवळपास पाच वर्षे डोंगर कापले गेले ते मुदत संपलेल्या कागदांवर. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. निकाल गावांच्या बाजूने लागले, पण डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या ज्या शेतांत खाणीचा गाळ उतरला होता तो निकालाच्या कागदाने उचलला गेला नाही. आजही तिथे भाताच्या खाचरात पाय घातला तर पोटरीला तांबडा लेप बसतो. तुमच्या बाजूलाही दोडामार्गातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीतला चिखल आणि पाणी गावात घुसले होते.

दुसरे उदाहरण आमच्याच तालुक्यातल्या मोप्याचे. तिथले पठार विमानतळासाठी निवडले गेले. विमानतळ नको असे मानणारे आमच्यात सगळेच नव्हते, माझ्या घरातच दोन मते होती. पण पर्यावरण मंजुरीच्या अर्जात परिसरातील जंगल आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती नीट दिलेली नव्हती, आणि याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी मंजुरी स्थगित केली. जानेवारी २०२० मध्ये अधिक अटी घालून स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. मी यातून घेतले ते एवढेच, की अर्जातला 'ओसाड' हा शब्द न्यायालयात खोडून काढता येतो, मात्र तो खोडण्यासाठी लागणारा पुरावा गावाकडे आधीपासून तयार असावा लागतो, आणि तो ज्या वेळी ग्राह्य धरला जातो ती वेळ फार थोडी असते.

वेळेचे हिशेब लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणातील निकालानंतर पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या (चिरा, वाळू वगैरेंच्या) खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागते. त्याआधी मोठ्या खाणीचे लहान तुकडे करून ती टाळली जात असे. अशी मंजुरी दिली गेली तर तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला तीस दिवस असतात, फार तर आणखी साठ दिवस सबळ कारण दाखवून मिळतात. तुमच्यासाठी न्यायाधिकरणाचे पीठ पुण्याला आहे. मंजुरी संकेतस्थळावर चढते आणि गावाला ती यंत्र सड्यावर आल्यावर कळते, तोवर मुदत गेलेली असते. गावातल्या एखाद्या पोराला दर आठवड्याला पर्यावरण मंजुऱ्यांचे 'परिवेश' संकेतस्थळ पाहण्याचे काम नेमून द्या.

कातळकड

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार मानायला शब्द कमी पडतात. सातबारा काका, आपण सांगितल्याप्रमाणे अर्जाची प्रत मागितली, आणि नकाशावरचे दोन गट क्रमांक गुरचरणाचे निघाले, एक आमच्या सामायिकातला. सामायिकावर एकोणीस नावे आहेत, त्यांपैकी सहा माणसे हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. त्यातल्या एका घराने संमती दिल्याचे कळले.

दोन शंका उरल्या आहेत. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या केंद्र सरकारी मसुद्यात आमचे गाव असेल तर हा प्रश्न तिथेच सुटतो का? आणि ओडिशात नियमगिरीच्या ग्रामसभांनी खाण नाकारली तशी आमची ग्रामसभा नाकारू शकते का? गावात हे दोन्ही मुद्दे सारखे बोलले जात आहेत.

चिरा भाऊ, तुमचे उत्तर मी वाडीत मोठ्याने वाचून दाखवले. खाणीच्या बाजूने बोलणारा माझा मावसभाऊ ऐकत होता. तो एवढेच म्हणाला की हे आधी कोणी असे समजावून सांगितले नव्हते.

सातबारा

दोन्ही शंका रास्त आहेत, पण दोन्हींवर विसंबून राहू नका.

संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतो आहे. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी १७,३४० महाराष्ट्रातले. त्यात खाणी आणि दगडखाणींवर पूर्ण बंदी आणि चालू खाणी पाच वर्षांत बंद करण्याची तरतूद आहे. गाव यादीत असेल तर ठरावात तसा उल्लेख अवश्य करा. परंतु ही यादी मुख्यतः घाटाकडच्या गावांची आहे, आणि समुद्राच्या बाजूचे बरेच सडे तिच्या बाहेर राहतात. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या लोकांना आपली गावे संवेदनशील जाहीर व्हावीत म्हणून उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे जावे लागले आणि मार्च २०२४ मध्ये त्यांना अनुकूल आदेश मिळाला, यावरून किती धीर लागतो ते समजावे.

नियमगिरीचा एप्रिल २०१३ चा निकाल वनहक्क कायद्यावर उभा होता. तिथे जमीन वनाची होती आणि हक्कदार आदिवासी होते. रत्नागिरी जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रांतही येत नाही, त्यामुळे पेसाचा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याचा, आधार नाही. तुमच्या ग्रामसभेचा ठराव प्रकल्प आपोआप थांबवणार नाही, म्हणून तो असा लिहा की पुढे जो अधिकारी किंवा न्यायाधीश तो वाचेल त्याला सडा डोळ्यांसमोर दिसला पाहिजे. 'ग्रामसभेचा तीव्र विरोध आहे' या एका ओळीला फारशी किंमत नाही. त्याऐवजी कोणते गट, त्यांवर किती घरांची गुरे किती महिने चरतात, झरा कोणत्या गटात आहे, त्यावर किती घरे अवलंबून आहेत, नोंदवहीत कोणत्या वनस्पती आहेत, कातळशिल्प कुठे आहे, पुरातत्त्व विभागाला कोणत्या तारखेला कळवले, हे सगळे लिहा आणि कलम २२-अ चा उल्लेख करून दाखला नाकारत असल्याची कारणे द्या. इतिवृत्तावर हजर असलेल्या सर्वांच्या सह्या घ्या आणि प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी यांच्याकडे पोच घेऊन द्या.

वारसनोंदीचे काम मात्र आजच सुरू करा. सहा मयतांच्या जागी तीसएक जिवंत हरकतदार उभे राहतात, आणि एका घराच्या संमतीचे वजन तितक्याने कमी होते.

दीपकाडी

झऱ्याचे मोजमाप करायला उपकरण लागत नाही. एक ठरलेली बादली घ्या, डोणीत पडणाऱ्या धारेखाली धरा, भरायला किती सेकंद लागले ते लिहा. दर पंधरवड्याला, त्याच माणसाने, त्याच बादलीने, आणि खाली तारीख, वेळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. वही शाळेत ठेवली तर उत्तम. जूनच्या पहिल्या पावसानंतर मी विद्यार्थ्यांना घेऊन येईन, तोवर सड्यावर कोणालाही शेणी थापू देऊ नका आणि वणवा लागू देऊ नका, कंद वर असतात.

कातळकड

बादली आईने दिली, पितळेची, तिच्या लग्नातली. आज सकाळी सात वाजता पहिली नोंद केली. भरायला चार मिनिटे दहा सेकंद लागली. साक्षीदार म्हणून आई आणि मावसभाऊ यांच्या सह्या घेतल्या आहेत.